बिनकिल्लीचा दांडा

बेदियाकोनं फिटर ओपोकूला पुन्हा बॉनेटवर आपटलं. जुन्या टॅक्सीला नव्यानं बसवलेला स्टेअरिंगचा दांडा वळणावर मध्येच अडकत होता.

"अहो मालक, दांड्यातलं कुलूप पडतंय. मूळ किल्ली हवी," ओपोकू रक्त थुंकत म्हणाला.

"किल्ली नव्हतीच! माल अस्सल आहे. चांगल्या धावत्या गाडीतून मी स्वतःच्या हातांनी काढलाय. खोट तुझ्यात आहे, गाढवा!"

फाटकाशी मक्याचे उकडलेले गोळे, केंके, विकणारी सेर्वावहिनी हात पुसत पुढे आली. टॅक्सी पळवणाऱ्यांनी तिच्या टॅक्सीवाल्या नवऱ्याला भोसकून मारलं होतं आणि गाडी ओढून नेली होती. किल्ली मात्र त्याच्या मुठीतच राहिली होती. तेव्हापासून सुआमेच्या गॅरेजांत जुना दांडा आला, की देवाचं नाव घेऊन ती किल्ली त्याला लावून बघायची, मगच जेवायची.

"लाव बाई, तूही लाव!" बेदियाको हसला.

तिनं गळ्यातली किल्ली काढून लावली. किल्ली फिरली. स्टेअरिंग अलगद सुटलं.

आजूबाजूचे हातोडे थांबले. कुणीतरी फाटक लावून घेतलं. ओपोकूनं ओठ पुसला, मोठा पाना उचलला आणि हळूच विचारलं, "कुठल्या हातांनी काढलास म्हणालास?"