चाकातली हवा

"आवाज किती करते हे?" अण्णाजींनी विचारलं.

दुकानदार निकेशनं काउंटरवरचा काळा डबा चालू केला. दुकानभर घरघर सुरू झाली.

"काकाजी, हवा भरायची म्हणजे आवाज येईनच. आवाजाचं काऊन भेव?"

अण्णाजींनी मागं वळून दाराकडं पाहिलं. वर्ध्याच्या बाजारात आपल्या गावचं, हिंगणीचं, कोणी भेटण्याचा संभव कमीच, पण भ्यालेल्या माणसाला ओळखीचे चेहरे फार दिसतात.

दिवाळीपासून त्यांच्या गाडीचं चाक सकाळी बसलेलं असायचं. रोज नाही. कुठं जायचं ठरलं की नेमकं. पंक्चरवाल्यानं टायर पाण्यात बुडवून बघितला, खिळा नाही, काटा नाही. "टायर चोख हाय," तो म्हणाला, "हवा कोणीतरी सोडून राह्यला." तेव्हापासून अण्णाजींची झोप उडाली होती. जायचं ठरतं ते घरात, मग बाहेर कळतं कसं?

"तुमच्या रस्त्याले अशी मशीन पाह्यजेच," निकेश म्हणाला. "बोरचं जंगल. टायर बसला का वाघाचं भेव."

"वाघाचं नाई. खड्ड्याईचं हाय. मागं गावाजवळच असा दणका बसला का पुढचा दिवाच फुटला."

त्यांना खरी भीती होती बायकोच्या, शकुबाईंच्या जिवाची. गेल्या आठवड्यात बाजाराला जायचं ठरलेलं, त्याच सकाळी तिला दमा उठला. बाजेची कड धरून ती बसली होती, ओठ निळे पडले होते. अण्णाजी किल्ली घेऊन धावले, तर चाक जमिनीला टेकलेलं. सरपंचाची जीप दारात उभी होती म्हणून बाई दवाखान्यात पोचली. थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. पुढच्या वेळी जीप नसली तर? शकू आपल्या डोळ्यांदेखत जाईल, एवढाच एक विचार अण्णाजींच्या डोक्यात घोळत होता. अन्न गोड लागत नव्हतं.

निकेशनं तीन मशिनी समोर मांडल्या. पायानं दाबायचा पंप अण्णाजींनीच बाजूला सारला. तो दाबता दाबता दुसऱ्यालाही दमा व्हायचा. दुसरी वायरीची, गाडीत जोडून चालवायची.

"हे दमदार हाय," निकेश म्हणाला, "पण काट्यावर नजर ठेवा लागते. जास्त भरली का टायर फुगते."

"अन हे?"

"हे बॅटरीचं. आकडा एकदा लावून ठेवला का तिथंच बंद पडते. पाहायचं कामच नाई."

"मंग हेच दे," अण्णाजी लगेच म्हणाले.

निकेशनं बत्तीसचा आकडा लावून दिला. अण्णाजी डबा पोटाशी धरून बसमध्ये बसले. जन्मभर एस.टी. चालवलेला माणूस, आता खिडकीशी प्रवासी. सगळ्या नोकरीत एक अपघात नाही. निरोपाच्या दिवशी डेपोत शाल देताना साहेबांनी ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून अण्णाजींना गाडीबद्दल काही शिकवायची गावात कोणाची छाती नव्हती, आणि घरात तर त्यांच्या शब्दावर शब्द काढायची रीतच नव्हती.

संशय एकाच माणसावर होता, शेजारच्या प्रभाकररावांवर. दिवाळीच्या सुमारास त्यांची कालवड वळणावर कोणत्यातरी गाडीखाली गेली. दुसऱ्या दिवशी ते अण्णाजींच्या अंगणात आले, गाडीच्या फुटलेल्या दिव्यासमोर बराच वेळ उभे राहिले, आणि एक शब्द न बोलता परत गेले. भांडणारा माणूस परवडतो. न बोलणाऱ्याच्या मनात काय शिजतंय, कोणी सांगावं?

घरी डबा पाहून शकुबाईंचा चेहरा उतरला.

"कायले आणलं जी? बस हाय ना."

"दम लागल्यावर बसची वाट पाह्यतं का? उद्या सकाळी तुले दाखवाले नेतो."

तिनं डब्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "रात्री कुठं ठेवान हे?"

"माह्या उशाशी. अंगणात ठेवून चोराले देऊ का?"

सकाळी चाक बसलेलंच होतं. फाटकाला आतून कडी, तरी तो येऊन गेला होता. अण्णाजींनी चाचपडत व्हॉल्व्ह शोधून नळी बसवली, बटण दाबलं. घरघर झाली, चाक हळूहळू उठलं, आणि मशीन आपोआप थांबली. त्या थांबण्यानं अण्णाजींच्या छातीवरचं ओझं उतरलं. आवाज ऐकून प्रभाकरराव कुंपणाशी आले. अण्णाजी पहिल्यांदाच त्यांच्या रोखानं ताठ उभे राहिले.

"चाल शकू, बस. आता कोणाच्या बापाचं भेव नाई."

प्रभाकरराव त्यांच्याकडं बघतच नव्हते. ते शकुबाईंकडं बघत होते. तिनं मान खाली घातली.

"आज राहू द्या नं जी," ती म्हणाली. "मले बरं वाटून राह्यलं."

"बस म्हटलं ना."

ती बसली. गाडी फाटकातून निघाली, वळणावरून सरळ शाळेच्या रस्त्याला लागली. अण्णाजी खुशीत होते. कितीतरी दिवसांनी स्टीअरिंगवर त्यांचा हात सैल पडला होता. शकुबाईंनी कमरेचा बटवा उघडला, जायचं ठरलं की पहाटे जिनं ती व्हॉल्व्हची पिन दाबून चाकातली हवा सोडायची ती काडी काढली आणि खिडकीबाहेर टाकून दिली. समोर शाळेची पोरं हात धरून रस्ता ओलांडत होती. अण्णाजींनी गिअर टाकला आणि म्हणाले, "पाह्य, आज रस्ता कसा मोकळा हाय."