उन्हाकडची बाजू

सावली तुम्ही तोडलीत आणि जाब माळीणबाईला विचारता? गाड्या उभ्या करायला जागा हवी म्हणून हॉस्पिटलच्या अंगणातलं जुनं झाड करवतीने आडवं केलंत. त्याखालचे झोपाळू होरपळले. मग कागदावर लिहिलंत, 'माळीकामात हयगय'. लाज शिल्लक असेल तर पुढचं नीट ऐका.

झोपाळू हे तिनेच ठेवलेलं नाव. रानातल्या दाट सावलीत वाढणारं कंदाचं झाड. चार महिने पानं टाकून मातीखाली दडी मारतं आणि मग एके सकाळी जांभळे कोंब काढून हजर. अठरा वर्षं ती त्यांना सांभाळत होती. अठरा वर्षं, हंगामी कामगार म्हणूनच.

आता ती दुसऱ्या मजल्यावर अधीक्षकांच्या टेबलासमोर उभी होती. टेबलावर एक तक्ता. डावीकडे झोपाळू, उजवीकडे बारा फुटी निवडुंग. गाड्यांपासून उरलेल्या अंगणात दोन्हीपैकी काय लावायचं? पाणी किती, आयुष्य किती, आणि शेवटचा रकाना, 'रोज माणूस लागेल का?' निवडुंगासमोर तिथे आधीच पेन्सिलीने 'नाही' लिहून ठेवलं होतं. त्या एका शब्दाचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. महिनाअखेर माळीकाम बंद. ती घरी.

तुलना आत्ता चालली होती आणि निवडुंग सकाळीच ट्रकमधून उतरला होता. वरातीमागून घोडं. फक्त एक मेख होती. जाणकाराने नको म्हटलं, तर तो आठ दिवसांत परत पाठवावा लागणार होता. आणि अख्ख्या इमारतीत झाडांचं जाणणारं माणूस एकच. तेच, रबरी चपलांत टेबलासमोर उभं.

सिस्टरने तिला जिन्यातच गाठलं होतं. "मावशी, डोकं चालवा. झोपाळू म्हणा आणि मोकळ्या व्हा."

लेकीने तर सकाळी डबा हातात देतानाच बजावलं होतं, "आई, आजचा दिवस तुझा खरेपणा घरी ठेव. इथून कोणी चोरून नेत नाही."

"बोला बाई," अधीक्षक म्हणाले. "कुठलं लावायचं?"

तिने खिडकीतून खाली पाहिलं. अंगणभर पांढरं ऊन. ती म्हणाली, "निवडुंग."

दारातल्या सिस्टरने कपाळावर हात मारला. साहेबांना हायसं वाटलं. विचारायचा नियम होता म्हणून त्यांनी विचारलं, "कारण?"

"इथे आता सावली नाही. झोपाळू अजून एक उन्हाळा काढणार नाहीत. त्यांचे कंद मी धुलाईघरामागे हलवते, तिथे भिंतीचा आडोसा आहे. माझ्या पोटासाठी त्यांना इथे भाजून नाही काढणार."

ह्या उत्तराला तक्त्यात जागा नव्हती. तिने सही केली. त्यांनी पेन घेतलं आणि पेन्सिलीतलं 'नाही' शाईने गिरवलं.

"झालं. हमाल थांबलेत. उभा करून टाकू त्याला."

"कुठली बाजू कुठे करून?"

"म्हणजे?"

"खाली चला, साहेब."

निवडुंग फळ्यांवर आडवा पडला होता, गोणपाटात गुंडाळलेला, एखादा पेशंट स्ट्रेचरवर ठेवून सगळे चहाला गेल्यासारखा. लग्नाआधी ती पाच वर्षं नर्सरीत असल्याच धुडांच्या ओळींत राबली होती. तिने गोणपाट सोडलं.

"हा जिथे वाढला, तिथे याची एक बाजू जन्मभर उन्हाकडे होती. तिची साल निबर होते. पाठची राहते कोवळी. लावताना फिरवाफिरव झाली की कोवळी बाजू भाजते, मग कुजते. आतून. बाहेरून हिरवागार दिसतो आणि एक दिवस कोसळतो."

साहेबांनी विकणाऱ्याला फोन लावला. दोन मिनिटं बोलले. फोन खिशात टाकताना त्यांचे कान लाल झाले होते. "तो म्हणतो, कशीही लावा. चारी बाजूंनी काटेच आहेत."

"त्याचं काय जातंय? तो काय खाली बसणार आहे?"

साहेबांनी वळून पाहिलं. पेशंटांच्या नातेवाइकांचे बाक आठ फुटांवर होते. एका बाकावर एक म्हातारा चप्पल उशाला घेऊन झोपला होता.

"बरं, नीट लावला," साहेब म्हणाले. "मग तर प्रश्न मिटला ना?"

"मग तीन आठवडे पाण्याचा थेंब नाही. उन्हाळाभर अंगावर कापड. आणि बुंधा बोटाने दाबून बघायचा, मऊ लागतोय का. लागला तर त्याच दिवशी तेवढं कापून काढायचं. उद्यावर ढकललं की गेला."

"हे किती दिवसांनी बघायचं?"

"रोज."

सिस्टरला हसू आवरेना, ती खोकल्याचं निमित्त करून वळली. साहेबांनी खिशातून तक्ता काढला, गुडघ्यावर ठेवला आणि स्वतः गिरवलेल्या 'नाही'वर आडवी रेघ ओढली. वर लिहिलं, 'लागेल'. खाली सही केली, तारीख घातली. घाम पुसला.

"आता सांगा, उन्हाकडची कुठली?"

"तुम्ही सांगा."

इतकी वर्षं ह्या अंगणातून ते गाडीपर्यंत चालत जात होते. आज पहिल्यांदा ते कुठल्या झाडाशी वाकले. बाहीला दोन काटे लागले. त्यांनी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नजर फिरवली, बोट जपून टेकवलं, परत मागे आले आणि एका जागी थांबले.

"ही?"

माळीणबाईने कमरेवर हात ठेवले.

"कशावरून, साहेब? कारण सांगा."