कोरं घड्याळ

प्रेमराजने खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि घड्याळ खिडकीकडे धरलं.

काळ्या तबकडीचं, चावीचं एचएमटी. डबीसकट. पाठीवरची पारदर्शक चिकटपट्टीसुद्धा अजून निघाली नव्हती.

"एकडाव बी हातले बांधेल नही," समोर जमिनीवर बसलेल्या झुंबरबाई म्हणाल्या.

प्रेमराजने बराच वेळ पाहिलं. तबकडी, काटे, कडा, पट्ट्याच्या खाचा. मग भिंग खिशात ठेवून तो म्हणाला, "सुंदर आहे, अक्का. काय घ्याल?"

"इकाले नही शे, भाऊ. देखाले शे. च्या ल्या."

प्रेमराजला बरं वाटलं. त्याने बशीत चहा ओतला.

तो जळगावात पिंप्राळ्याला राहत असे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला, त्याच वर्षी बायको गेली. मुलगी दीपमाला बंगळुरूला. तिचा फोन येई, तेव्हा ती जेवलात का विचारी, तो हो म्हणे, आणि पुढे दोघांनाही काही सुचत नसे. राहिली ती घड्याळं. रोज सकाळी तो कपाट उघडून एकेकाला चावी देई. सगळी चालू झाली की घरात कुणीतरी असल्यासारखं वाटे. चोपड्याला एका म्हातारीकडे न वापरलेलं घड्याळ आहे, हे त्याला धुळ्याच्या सुकदेवने सांगितलं होतं. सुकदेव घड्याळं दुरुस्त करी, जुनी मिळवूनही देई.

पुढच्या रविवारी प्रेमराज परत गेला. अक्कांचा विचार बदलला का, एवढंच विचारायचं, असं त्याने एसटीत बसताना स्वतःला सांगितलं. विचार बदलला नव्हता. झुंबरबाईंनी डाळीचे फुनके आणि कढी केली होती, आणि तो जेवूनच निघाला.

मग दर रविवारी जाणं सुरू झालं. झुंबरबाई आधी घड्याळ आणून त्याच्या हातात देत. तो ते उलटसुलट करून पाही, डबीत ठेवी. त्यानंतर घड्याळाचा विषय सहसा निघत नसे. त्यांची मुलं सुरतेला होती, केळीची शेती बटाईने दिलेली होती. त्या मुलांविषयी सांगत, केळीविषयी सांगत, वारलेल्या नवऱ्याविषयी, म्हणजे मालकांविषयी सांगत. पहिल्या खेपेला ते घड्याळ मालकांनी भुसावळहून आणलं होतं. नंतर एकदा ते धुळ्याच्या मेहुण्याने दिलेलं निघालं. वयाने असं होतं, असं प्रेमराजने धरलं.

तोही बोलू लागला. बायको शेवटी दवाखान्यात होती तेव्हा तो चहा प्यायला खाली गेला आणि तेवढ्यात ती गेली, हे त्याने मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते त्याने झुंबरबाईंना सांगितलं. त्यांनी उठून पुन्हा चहा टाकला.

एका गुरुवारी मननचा फोन आला. मनन हा जळगावातल्या कापडवाल्या शेठजींचा मुलगा, त्यालाही घड्याळांचा नाद. चोपड्याच्या त्या एचएमटीविषयी सुकदेवकडून मागेच कळलं होतं, म्हणाला. आता रविवारी जाऊन बघणार होता. काकांनीही यावं, गाडी आहेच.

प्रेमराजने काहीतरी कारण सांगून फोन ठेवला. मनन मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. मागे एका म्हाताऱ्याने जपलेल्या घड्याळाला त्याने सगळ्या घरासमोर भंगार म्हटलं होतं. तो म्हातारा मान खाली घालून बसलेला प्रेमराजने पाहिला होता.

शुक्रवारी सकाळीच त्याने धुळ्याची एसटी धरली.

आग्रा रोडवरच्या दुकानात सुकदेव एकटाच होता. प्रेमराजने स्टूल ओढलं आणि थेट विषय काढला. चोपड्याला आता कुणालाही पाठवायचं नाही. मननला काहीही सांगा, घड्याळ विकलं गेलं म्हणून सांगा, पण त्याला तिकडे जाऊ देऊ नका.

"का? तुम्हालाच पाहिजे का ते?" सुकदेवने विचारलं.

"मला नको," प्रेमराज म्हणाला. "ते कोरं नाहीच. तबकडी रंगवलेली आहे, काटे दुसऱ्या घड्याळाचे आहेत, चिकटपट्टी वरून लावलेली. कुणीतरी तिच्या मालकाला फसवलं असणार. मनन ते तिच्या तोंडावर सांगेल."

सुकदेवने हातातला चिमटा खाली ठेवला. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि तरी जात राहिलात."

प्रेमराज रस्त्याकडे पाहू लागला. "आयुष्यभर जपलंय तिनं ते. एवढंच तर आहे तिच्याकडे. तिला कळता कामा नये."

सुकदेवने बाजूच्या टपरीवाल्याला दोन चहा सांगितले आणि मगच तो बोलला. झुंबरबाई गेल्या दिवाळीआधी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन इथे आल्या होत्या. तेव्हा दुकानात दोन शौकीन बसले होते, एका घड्याळावर बोलत. त्या कोपऱ्यात बसून ऐकत राहिल्या. लोक घड्याळ बघायला कुठून कुठून येतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. निघताना त्यांनी विचारलं, असं एखादं मिळेल का. सुकदेवने तीन मोडक्यांतून ते जोडून दिलं.

"मीच सांगितलं होतं त्यांना," सुकदेव म्हणाला, "की अक्का, याच्यामुळे माणसं येतील, पण जाणकार माणूस बघताक्षणी ओळखेल आणि पुन्हा पायरी चढणार नाही. आले ना तुमच्या आधी बरेच. एकेकदाच."

"मग काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, 'जो वळखीसन बी परत येई, तोच माले पाहिजे.'"