सरस

"नऊच्या नऊ बैल," भाची म्हणाली आणि तिनं निकालाचा कागद मामांपुढे सरकवला.

टेबलावर हाडांचे नऊ तुकडे होते, बोटाच्या पेराएवढे. बेचाळीस वर्षांपूर्वी मामांनीच ते टेकडीवरून खणून काढले, नुसत्या नजरेनं ओळखले आणि प्रत्येकाला स्वतःच्या अक्षरात 'हरीण' अशी चिठ्ठी लावली. टेकडीवरची माणसं शिकार करून जगत, असं त्यांचं पुस्तक सांगत होतं, ते याच नऊ चिठ्ठ्यांच्या जोरावर. सोमवारी संग्रहालयाच्या नव्या पाट्या छापायला जायच्या होत्या.

"यंत्र खोटं बोलत नाही, मामा. हाडातलं प्रथिन काढायचं, त्याचे तुकडे करायचे, तुकड्यांची वजनं घ्यायची. प्रत्येक जनावराची वजनं ठरलेली. शितावरून भाताची परीक्षा."

"शीत आपल्याच भांड्यातलं आहे ना, तेवढं बघ," मामा म्हणाले. "माझी नजर म्हातारी झालीय, पण हरणाला बैल म्हणण्याइतकी गेलेली नाही."

भाचीला वाईट वाटलं. हाडं बघायला तिला यांनीच शिकवलेलं.

"नमुने मात्र सुंदर आहेत हं तुमचे," ती समजुतीनं म्हणाली. "प्रथिन इतकं ताजं, की चार हजार वर्षांचं वाटतच नाही."

"ताजं?"

मामांनी तीन नंबरचा तुकडा उचलला आणि सरळ जिभेला लावला. भाचीनं नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. जुनं हाड ओल ओढून घेतं, जिभेला चिकटून बसतं. हे चिकटलं नाही. मग पाचवा लावला, आठवा लावला. एकही चिकटला नाही.

मामांना आधी हायसं वाटलं आणि लगेच लाज वाटली.

"सरस," ते म्हणाले. "हाडांचा भुगा होत होता, म्हणून मीच ब्रशनं सरस पाजला होता. बैलाची हाडं-कातडी उकळून केलेला. तुझं यंत्र खरंच बोललं बाई. तू बैलच तपासलास, पण बाटलीतला."

"आणि मी खरवडलं ते वरवरचंच," भाची खुर्चीत बसली. "मग राहू द्या आता. हरणंच छापू."

"का म्हणून? वरचा थर काढ, आतलं घे."

"आतून भलतंच निघालं तर?"

"तर मला आधी सांग. छापणाऱ्याला नंतर."

शनिवारी दुसरा कागद आला. आठ हरणं. सात नंबरची मेंढी.

मामांनी सातवा तुकडा उजेडात धरला, उलटासुलटा केला, चष्मा काढून पाहिला.

"बेचाळीस वर्षं या मेंढीनं मला मामा बनवलं."

"ते तुम्ही आधीपासूनच होता," भाची म्हणाली.

मामा खो खो हसले. मग पेन उघडून त्यांनी सातव्या चिठ्ठीवरचं 'हरीण' खोडलं आणि शेजारी 'मेंढी' लिहिलं. बाकीच्या आठ चिठ्ठ्यांना त्यांनी हातही लावला नाही. एक कोरी चिठ्ठी मात्र घेतली, तिच्यावर नीट अक्षरात लिहिलं आणि ती रांगेच्या शेवटी, रिकाम्या जागेपुढे ठेवली.

'१०. बैल. वय : बेचाळीस वर्षं. सापडल्याचं ठिकाण : माझा ब्रश.'