गुलाबी मासा

आमच्या कॅरिबियन किनाऱ्यासमोर परक्या आरमाराची जहाजं येऊन उभी राहिली, आणि त्यांची विमानं मच्छीमारांच्या होड्याही तस्करांच्या समजून उडवायला लागली. आम्ही बायकांनी चौकात पांढरे झेंडे नाचवले, 'युद्ध नको' म्हणून घसे फोडले. पण चौकातलं ओरडणं आभाळात कुणाला ऐकू जाणार?

"मग होड्यांवरच लिहू," ओतिलियामावशी म्हणाली. "वाचू देत वरून."

"त्यांना आपली भाषा कुठे येते गं?"

"मग मासा काढू. मासा तर त्यांच्या देशातही असेल ना?"

निर्बंधांमुळे दुकानात रंगाचा थेंब नव्हता. जिच्याकडे घराचं दार रंगवून जो रंग उरला होता, तो तिने आणला. मावशीकडे निघाला गुलाबी. मुलाच्या होडीत तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत मासा काढला.

मक्याची अरेपा चावत तिचा मुलगा निकानोर हसत सुटला. "आई, होडी आहे का लग्नाचा मांडव? अख्खं बंदर हसेल मला!"

"हसू दे. हसणारे बॉम्ब टाकत नाहीत."

"अगं, पण आंधळ्यालासुद्धा दिसेल हा!"

"दिसायलाच हवा मेल्यांना."

त्याच आठवड्यात लाटांनी एक फळी किनाऱ्यावर आणून टाकली. कडा जळून कोळसा झाल्या होत्या.



त्यावरचा मासा मात्र आम्हाला पार धक्क्यावरूनच ओळखू आला.