तीन टोल

नंदुरबारच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाचा हंगाम ऐन भरात होता, आणि इंजिनघरात वहाबभाईंना इंजिनाशिवाय काही ऐकू येत नव्हते. सरकी काढायच्या चरख्यांवरच्या बायांशी त्यांचा संबंध एका दोरापुरता. दोर भिंतीतून आत येई, आणि त्याला बांधलेली घंटा वहाबभाईंच्या थेट कानाशी वाजे. एक टोल म्हणजे चालू, दोन म्हणजे हळू, तीन म्हणजे बंद. कोण ओढते, कशासाठी, हे विचारायचे काम त्यांचे नव्हते. इंजिनाला हात लावायचे काम बायांचे नव्हते. "माले हाका मारू नका, दोर वढा," हे त्यांनी एकेकीला पढवले होते. यंदा कामाला लागलेल्या आपल्या लेकीला, साबिरालासुद्धा.

त्या दुपारी साबिराची बाही चरख्यात गेली, मागोमाग हात. बाया तिला कवळून मागे खेचू लागल्या. दोरापाशी तापीबाई होती. दुसरी कुणी अडकली असती तर तिने दोरच ओढला असता. पण ही वहाबभाईंची पोर. बापाला असे घंटा वाजवून कसे कळवायचे? तापीबाई दोर सोडून अंगणातून इंजिनघराकडे धावली.

दारातून ती जिवाच्या आकांताने ओरडली. वहाबभाईंना तिचे नुसते तोंड हललेले दिसले. त्यांनी नेहमीसारखे घंटेकडे बोट दाखवले आणि ते पट्ट्याकडे वळले. परक्या पुरुषाचा हात धरून ओढणे तापीबाईच्याने झाले नाही. ती आली तशी उलट पळाली.

तीन टोल पडले. वहाबभाईंनी तत्काळ इंजिन बंद केले. त्यात त्यांची कधी कसूर नसे. मोठे चाक रेंगाळत थांबले. चिंधीने हात पुसत ते पुढच्या टोलाची वाट पाहू लागले. तेव्हा त्या शांततेत त्यांना हाक ऐकू आली.

"अब्बा."

ते पोहोचले तेव्हा बायांनी साबिराला कापसावर निजवले होते. कोपराच्या पुढे पाहवत नव्हते. तापीबाई अजून दोर घट्ट धरून उभी होती.

"तुम्ही तिना बाप, वहाबभाई," ती म्हणाली. "म्हनीसन पहिले तुम्हलेच सांगाले उनू."

वहाबभाईंनी लेकीचे डोके मांडीवर घेतले. साबिरा आता गप्प झाली होती.

"हाक मार, बेटा," ते म्हणाले. "आते माले आयकू येस."