गडग्यापलीकडचं तवसं

शेवंतीच्या मांडवावरची सगळी तवशी वानरांनी फोडली. सासूपासून चालत आलेली ती मोठी, गोड काकडी आता संपलीच. पण एक वेल गुपचूप मधला दगडी गडगा चढून धाकट्या जावेच्या परड्यात उतरला होता, आणि तिकडे पानांआड एकच तवसं लोंबत होतं.

घरं वेगळी झाल्यापासून दोघी जावा बोलत नव्हत्या. मग मागणार कोण? ‘आज किसून गूळ घालून धोंडस करील मेली,’ असं शेवंती रोज दुपारी गडग्याशी उभी राहून मनात म्हणायची. तवसं मात्र उन्हात झोपल्यासारखं लोंबत राहिलं. पिवळं झालं, मग तांबूस.

एका सकाळी धुकं विरलं आणि त्याच्या देठाशी निळी चिंधी दिसली. सासूच्याच जुन्या लुगड्याची. बियाण्यासाठी राखलेल्या फळाला सासू अशीच चिंधी बांधायची, म्हणजे घरात कुणी त्याला विळी लावत नसे. शेवंती कितीतरी वेळ ती निळाई बघत राहिली.

दिवाळी सरल्यावर धाकटी रस्त्याने वळसा घालून पायरीशी आली. तिच्या ओंजळीत राखेत घोळवलेल्या बिया होत्या.

“वैनी, वेल तुमचा. बी तुमचं.”

शेवंतीने पदर पुढे केला, आणि मागे घेतला.

“बी फुकट घेऊ नये. बदल्यात काहीतरी द्यावं लागतं.”

धाकटीचा चेहरा उतरला. शेवंती अंगणात उतरली, गडग्यापाशी गेली, आणि वरचा दगड उचलून खाली ठेवला. मग त्याखालचा.